खाटेशेजारचा तारा आणि तांबूचा खुंटा

आदल्या संध्याकाळी आपण दोघांनी मिळून तांबूचा खुंटा उपटला. तेवढंच. शेवटचं म्हणून काही मोठं घडलं नाही, गो. मळ्यातलं भात कापून झालं होतं. दावं पोचेल तिथवर तांबूने गोल चरून जमीन साफ केली होती. तू दुपारपासून माझ्या मागे लागली होतीस, खुंटा जरा पलीकडे मारा, गाय उपाशी राहते आणि भोकही सैल झालंय. मी म्हटलं, उद्या. तू म्हणालीस, तुमचो उद्या आजपर्यंत कोणाक गावलो हा काय? मग उठलो.

तू वाकून दोन्ही हातांनी खुंटा धरलास. मी काळा दगड घेऊन वरून ठोकायला लागलो. दिवाळीनंतरची जमीन, वर बोटभर माती आणि खाली जांभा. जरासा आत गेला आणि अडला. मी जोर केला, तशी तू म्हणालीस, ही बोटां माझी आसत, खुंट्याची न्हय. दुसऱ्या जागी मारून बघितला, तिथेही तेच. काळोख पडायला लागला. शेवटी तू दगड माझ्या हातातून काढून घेतलास आणि खुंटा परत जुन्या भोकात घातलास. तिथे तो म्हाताऱ्याच्या दातासारखा लटलट हलत होता. मी म्हटलं, पाचर मारतो. तू म्हणालीस, "ऱ्हवांदे. आजच्या दिवस हलांदे." आणि पदराला हात पुसत आत गेलीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

कशाने गेलीस, कोण कोण आलं, कोण किती रडलं, हे सगळ्या आचरे गावाला ठाऊक आहे आणि तुला त्याचा काही उपयोग नाही. ते मी लिहीत नाही. नंदा म्हणाली, बाबा, तुमी घरभर एकटेच बोलत फिरतात, त्यापेक्षा बसान लिवा. म्हणून लिहितोय. मी चौथी शिकलेला माणूस. पेन हातात आलं की शाळेतलीच भाषा येते, तोंडातली येत नाही. कचेरीतल्या अर्जासारखं वाटेल तुला. हसलीस तरी चालेल.

पण बसवत नाही, गो. दोन ओळी लिहितो आणि उठतो. आत जातो, कशाला आलो ते आठवत नाही, बाहेर येतो. दारापुढच्या खळ्यात उभा राहतो. परत आत. आत्ताच चुलीपाशी जाऊन आलो. चूल थंड आहे, नंदा गॅसवर करायची. आणि प्रत्येक वेळी डोक्यात तेच आपलं भांडण चालू असतं, अर्धं राहिलेलं. नवरा-बायकोची भांडणं जमिनीवरून असतात, सासरच्या माणसांवरून असतात. आपलं एका ताऱ्यावरून होतं. हे लोकांना सांगायलाही लाज वाटते.

तो तारा घरात आणला नंदाने. जामसंड्याच्या शाळेत ती विज्ञान शिकवते, तेव्हा सुट्टीला आली की असलं काहीतरी पोटलीत बांधून आणतेच. त्या खेपेला आपण तिघं खळ्यात कुळीथ निवडत बसलो होतो. ती म्हणाली, आये, आपल्या सूर्यासारखोच एक तारो आसा, वयान आणि आंगान साधारण तसोच. आणि तेच्याभोवती आपल्या गुरूसारखो एक दांडगो ग्रह फिरता.

गुरू म्हटल्याबरोबर तुझे कान उभे राहिले. माझे पडले.

गुरूचं आणि माझं जुनं वाकडं आहे. आपलं लग्न वैशाखात ठरलं होतं, सुपारी फुटली होती, आणि भटजी सांगत आले की गुरूचा अस्त आहे. गुरू सूर्याच्या इतका जवळ गेला की उजेडात दिसेनासा झाला, तो वर येईपर्यंत लग्न लावायचं नाही. तो वर आला तेव्हा आषाढ तोंडावर आलेला. मग चातुर्मास. थेट मार्गशीर्षापर्यंत मला ताटकळत ठेवलं त्या गुरूने. मी तरणा होतो, मला काय धीर असणार? बैल बघायचं निमित्त काढून मी चालत चालत कसालला तुझ्या गावी आलो. तू गाय घेऊन वाटेवरच भेटलीस. बघायला आलो होतो तेव्हा तू मला चांगलं बघितलं होतंस, तरी अनोळखी माणसासारखं विचारलंस, कोण तुमी? मी म्हटलं, बैल बघूक इलंय. तू मला खालून वर न्याहाळलंस आणि म्हणालीस, "बैल तर माझ्यासमोरच उभो आसा."

तेवढ्या एका वाक्यावर मी मार्गशीर्षापर्यंत तग धरला. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तर नंदा सांगत होती की हा तिथला गुरू आपल्या गुरूसारखा लांब नाही. ताऱ्याला अगदी चिकटून आहे, भाजून निघतो, आणि चार दिवसांत एक फेरी मारून मोकळा होतो. आपल्या गुरूला एका फेरीला बारा वर्षं लागतात. तू हातातले कुळीथ तसेच धरून विचारात पडलीस. मग म्हणालीस, "सूर्याक चिकटान? म्हणजे तेचो अस्तच?"

नंदा म्हणाली, तसा म्हटलंस तर सदाच अस्त.

"मग थंय लगीन कधी लावतत?"

नंदा एवढी हसली की सूप कलंडलं. तू हसली नाहीस. तुला खरंच काळजी पडली होती, त्या न बघितलेल्या मुलखातल्या पोरींची. गुरूबळच नाही, तर त्यांनी करायचं काय? नंदा डोळे पुसत म्हणाली, "बरां आसा की. माका थंयच बदली घेवक होयी." तिच्या लग्नाचा विषय तू कितीतरी वर्षं काढत होतीस. त्या दिवसापासून काढला नाहीस. कोणी बाईने विचारलं, नंदाचं अजून नाही का, तर तू सांगायचीस, तिच्या गुरूचा अस्त आहे, सदाचा. त्या बायांना वाटायचं पत्रिकेतलं काहीतरी भारी असणार. त्या मान डोलवून गप्प बसायच्या.

इथवर ठीक होतं. भांडण सुरू झालं ते नंदाच्या पुढच्या बोलण्यावरून. ती म्हणाली, हा ग्रह कोणी डोळ्यांनी बघितलेला नाही, दुर्बिणीतूनही नाही. ताऱ्याच्या झगमगाटात तो दिसतच नाही. मी म्हटलं, मग आहे कशावरून? ती म्हणाली, तारा हलतो. एकदा थोडा आपल्याकडे येतो, एकदा थोडा मागे जातो, चार दिवसांत हे एकदा होतं, परत होतं, चुकत नाही. कोणीतरी ओढतंय म्हणून हलतो.

मी म्हटलं, "दिसणा नाय ता नाय." मी साधा माणूस. बाजारात टोपलीवर फडकं टाकून कोणी म्हणालं की आत सुरमई आहे, तर मी फडकं उचलल्याशिवाय पुढे बोलत नाही.

आणि तू, माझी बायको, माझ्या बाजूने बोलायचं सोडून म्हणालीस, "तांबू खाली व्हाळाकडे गेली, माका हंयसून दिसणा नाय. पण खुंटो हललो की माका कळता, दाव्याक गाय आसा."

तुझं ते दावं लांब, ओढ्यापर्यंत पोचेल इतकं होतं हे खरं. पण मी बरा ऐकतोय. मी म्हटलं, खुंट्याने हलता नये. हलतो तो खुंटा कसला? खुंटा एका जागी असतो म्हणून गाय त्याच्याभोवती फिरते. तेव्हा नंदाने आणखी तेल ओतलं. म्हणाली, बाबा, तसं नाही. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असं आपण म्हणतो, पण दोघंही मधल्या एका ठिकाणाभोवती फिरतात. तारा जड म्हणून थोडा फिरतो, ग्रह हलका म्हणून जास्त. पण फिरतात दोघंही.

तू सूप खाली ठेवलंस आणि माझ्याकडे असं बघितलंस, जसा काही खटला जिंकलास.

"आयकलात? तुमीपण फिरतात."

मी म्हटलं, मी खंय फिरतंय? मी आहे तिथे असतो. तूच सकाळपासून फिरतेस, चुलीकडून विहिरीकडे, विहिरीकडून गोठ्यात, गोठ्यातून परत चुलीकडे. तू नसलीस म्हणून माझं काही हलत नाही. तू म्हणालीस, बघूया.

पुढे तुझ्या भावाकडे लग्न निघालं आणि तू कसालला जाऊन राहिलीस. जाताना खळं सारवून गेलीस, ताजं, आरशासारखं. आलीस ती बेड्यातच, कुंपणाच्या दारातच थांबलीस. घरात नाही आलीस, माझी विचारपूस नाही, खाली बघत उभी. दारापासून बेड्यापर्यंत आणि बेड्यापासून दारापर्यंत सारवणाची पार माती झाली होती. मी म्हटलं, तांबू सुटली होती, तिने तुडवलं. तू पिशवी खाली ठेवलीस, वाकलीस, बोटाने एक ठसा दाखवलास.

"तांबूक चपला कधी घेतलात?"



उठून आलो. पाणी प्यायलो. शेजारचा बाबल विचारून गेला, काका, काय हवं का? मी म्हटलं, काही नको. मग तो गेल्यावर त्याच्या मागे बेड्यापर्यंत गेलो. कशाला, माहीत नाही.

दिसण्याचं भांडण तू तिथे सोडलं नाहीस. नंदाने तुला आकाशात तो तारा कुठे आहे ते दाखवून ठेवलं होतं. कार्तिकात दिवेलागणीनंतर वर बघितलं की चार चांदण्या चौकोनात दिसतात, त्याला आपल्याकडची जुनी माणसं खाट म्हणायची, खाटेचे चार खूर. त्या खाटेच्या एका अंगाला, दोन खुरांच्या मध्ये पण जरा बाहेर, तो आहे. तू म्हणायचीस, आजाऱ्याच्या खाटेशेजारी कोणी पाट घेऊन बसावं तसा बसलाय. जेवणं व्हायच्या आधी तू खळ्यात जाऊन मान वर करायचीस आणि मला हाक मारायचीस. मला खाटेचे खूर दिसायचे, तेही पुसट, माझ्या डोळ्यांत पडदा आलाय. तारा कधीच दिसला नाही. नंदा म्हणायची, आये, तो फार बारीक आहे, साध्या डोळ्यांना कठीण. तू म्हणायचीस, "माका दिसता."

खरं सांग, गो. दिसायचा? की मला डिवचायला म्हणायचीस?

हे मी विचारायचं ठेवलं होतं. सावकाश, आडून विचारणार होतो, तुझी लबाडी पकडणार होतो. आता कोणाला विचारू?

एकदा नंदा म्हणाली की त्या ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला पन्नासेक वर्षं लागतात. आज दिसतो तो तेव्हाच निघालेला. तू बोटांवर मोजून म्हणालीस, म्हणजे आमच्या लग्नाच्या वेळचो. मी म्हटलं, पन्नास वर्सां झाली? शिळो उजेड. मासळी असती तर मांजराने तोंड लावलं नसतं. तू त्या दिवशी मला आंबट भातावर ठेवलंस, कालवण नंदाच्या ताटात. म्हणालीस, शिळ्या माणसाक शिळाच.

लोक येतात आणि सांगतात, काका, ती खंय गेली नाय, ती हंयच आसा. मला राग येतो. इथे नाहीस. मी घरातला कोपरा न् कोपरा बघितलाय. इथे असतीस तर दुधाचं पातेलं उघडं राहिलं नसतं, आणि बाबलची बायको माझ्या ताटात आमटीच्या डावाने भात वाढताना तू गप्प बसली नसतीस. मला खोटं सांगू नका म्हणावं. दिसत नाही ते नाही, हे माझं आहेच.

दहाव्याला नदीवर गेलो. पिंड ठेवला आणि मागे सरतोय तोवर कावळा उतरला. थांबला नाही, इकडे तिकडे बघितलं नाही, सरळ शिवला. सगळ्यांनी हात जोडले, भटजी म्हणाले, सुखाने गेली, मागे काही राहिलं नाही. बायका म्हणाल्या, पुण्यवान. मी तिथेच उभा. मला धरून आणावं लागलं. ते समजले मी दुःखाने थिजलोय. दुःख होतंच, पण मला तुझा राग आला होता, गो. एवढी घाई? काहीच राहिलं नव्हतं तुझं? खुंटा सैल होता, ताऱ्याचं अर्धं होतं, माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन तू बोलायचीस ते राहिलं होतं. निदान एकदा कावळ्याला घिरटी घालायला लावायची होतीस. मी काहीतरी कबूल केलं असतं. सगळ्यांसमोर म्हटलं असतं, फिरतो मी, फिरतो. तीच संधी दिली नाहीस.

जरा जास्त लिहिलं का? असू दे.

आता मुद्द्याचं. तुला ठाऊक नाही ते एवढंच आहे. तेरावं झालं आणि नंदाने सांगितलं, बाबा, माझी रजा संपली, तुम्ही माझ्याबरोबर चला. कायमचे. जामसंड्यात तिचं दुसऱ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या, नळाला पाणी. डोळ्यांचं तिथेच करून घेऊ म्हणते. चांगलं बोलली, रडली नाही, मुलगी म्हणून बोलली. घरात गर्दी होती म्हणून तांबूला बाबलने पहिल्याच दिवशी त्याच्या गोठ्यात नेलं होतं. आता ती तिथेच राहील असं ठरलं. मी हो म्हटलं. मला काय, इथे काय आणि तिथे काय. इथे मला बसवत नाही, झोपवत नाही, जेवताना तीनदा उठतो. मला वाटलं जागा बदलली की हे फिरणं थांबेल. नंदालाही तेच वाटलं. माझी पिशवी तिने भरली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं खळ्यात बसलो. दिवेलागण नुकतीच झाली होती, खाट डोक्यावर आलेली. नंदाने शाळेतली छोटी दुर्बीण आणली होती, दोन डोळ्यांची. म्हणाली, बाबा, एकदा बघा, आयेसाठी. मी डोळ्यांना लावली. खूर दिसले, मोठे आणि केसाळ. मधलं काही दिसलं नाही. ती माझ्या मागे उभी राहून माझं डोकं दोन्ही हातांनी वळवत होती, हंय, जरा वर, आता दिसलो? मी म्हटलं, नाय. तिने आणखी वळवलं. आता? मी म्हटलं, नाय गो. तिने दुर्बीण घेतली, स्वतः बघितलं आणि हळूच म्हणाली, "आसा. थंयच आसा."

मग मी तिला विचारलं. हे मी कितीतरी दिवस चघळत होतो.

मी म्हटलं, "नंदा, तो गुरू नायसो झालो तर? तारो काय करतलो?"

ती शिकवणारी मुलगी. विचारलं की उत्तर येतंच, मागाहून कळतं काय बोललो ते. म्हणाली, "मग तेका ओढणारा कोण नाय. तारो हलाचो थांबतलो. आपल्या वाटेन सरळ जातलो."

मी म्हटलं, "मग माझा काय? मी थांबूक नाय."

ती दुर्बिणीचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली, सोडत बसली. मी तिला सोडलं नाही, म्हटलं, तुझं शास्त्र सांगतं की ओढणारं गेलं की हलणं थांबतं. मी तर जास्त हलतोय. म्हणजे एक तर शास्त्र चुकीचं, नाही तर लोक म्हणतात ते खरं की ती इथेच आहे. आणि ती इथे नाही, मी बघितलंय. मग काय? ती म्हणाली, बाबा, तो तारा आहे, आपण माणसं आहोत. हे उत्तर नव्हे, हे तिलाही कळलं. आम्ही आत गेलो. जेवलो. तिचं ताट तिने तसंच सारलं.

आणि मला तुझा एवढा राग आला, म्हणून सांगू. कारण हे तुला सांगता आलं असतं. दोन शब्दांत, कुळीथ निवडता निवडता, माझ्याकडे न बघता.

सकाळी नंदाने रिक्षा सांगितली होती, स्टँडपर्यंत. ती आत कुलूप शोधत होती. मी चपला घातल्या आणि मळ्यात गेलो. निघायच्या आधी एकदा बघून यावं म्हणून, बाकी काही नाही. तांबूच्या चरण्याचा गोल तसाच होता, मध्ये खुंटा. इतके दिवस गाय नाही, दावं नाही, कोणी हात लावलेला नाही. मी आपला त्याला टेकायला गेलो आणि तो हलला.

मी परत हलवला. हलला. गाय बाबलच्या गोठ्यात, आणि खुंटा इथे हलतोय.

खाली बसलो, गुडघे कुरकुरले. खुंटा वर काढला आणि भोकात बोटं घातली. वर चांगलं रुंद, आत निमुळतं, भोवतीने गुळगुळीत झालेलं, उखळासारखं. वर्षानुवर्षं तांबू फिरली, तिच्या आधी तिची आई फिरली, प्रत्येक फेरीला खुंट्याने थोडी थोडी माती दाबली. आता गाय सोडली म्हणून भोक कसं बुजेल? खुंटा हलणारच. नंदाचंही चुकलं नव्हतं. तारा आभाळात असतो, त्याच्याभोवती काही नसतं, सुटला की सरळ जातो. मी जमिनीत होतो, गो. माझ्याभोवती माती होती.

तिथेच बसून राहिलो. रडलो असेन, बघायला कोणी नव्हतं. मग डोक्यात आलं की जामसंड्याला दुसऱ्या मजल्यावर खाली लादी आहे. तिथेही मी हलणारच, पण तिथे मला कळणार नाही कशामुळे.

उठलो आणि बाबलच्या गोठ्यात गेलो. तांबूने मला बघून मान फिरवली. तुझीच गाय. दावं सोडलं आणि ओढत आणली. बाबल मागून काका काका करत आला. बेड्यात रिक्षा उभी, नंदा पिशव्या घेऊन उभी. तिने मला बघितलं, गायीला बघितलं, आणि म्हणाली, "बाबा, रिक्षा इली." मी म्हटलं, "तांबू बसात काय तिच्यात?"

रिक्षावाला हसला. नंदाला हसू आलं नाही, पण रडूही आलं नाही. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी तू त्या चपलेच्या ठशांकडे बघत होतीस. मग माझी पिशवी तिने पायरीवर ठेवली. म्हणाली, आयतवारी येतंय, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावचा, त्यात नाटकां नको. मी म्हटलं, नाही करणार. रिक्षा वळली.

मी तांबूला मळ्यात नेलं. खुंटा परत त्याच भोकात घातला, दाव्याची गाठ मारली. ती एक फेरी फिरली, खुंटा तिच्याकडे कलला. बाबल वाकून बघत होता. म्हणाला, "काका, खुंटो पार ढिलो झालो हा. थांबा, पाचर मारतंय."

"नको," मी म्हटलं. "हलांदे."